कंदील जळत राहिला तर

खडकमळा, बेल्ह्याजवळ
२ फेब्रुवारी २०२५

सुभाष,

दादाभाऊचा रामराम घे. तब्येत इचारत न्हाई, इचारली की तू गुडघ्यांवर दोन पानं भरतोस.

तुला फोन करून उपेग न्हाई. तुमच्या उंबरवस्तीला रेंज न्हाई, आन रेंज असती तरी बोअरच्या कॉम्प्रेसरनं तुझे कान कवाच खाल्लेत. हातपंप दुरुस्तीच्या गाडीवर बावीस वर्सं तुझ्या शेजारी बसून मी बोंबलायचो आन तू नुसता मान हलवायचास. तवा चिठ्ठीच बरी.

बातमी अशी, की रिटायर माणसाला पुन्ना नोकरी लागली. गावानं सांडपाण्याचा प्रकल्प बांधलाय आन त्याचा कारभारी मी. तुला आठवतंय, आमची गटारं सरळ वढ्यात जायची आन वढ्याखाली दीडशे पावलांवर पिण्याची विहीर. दर पावसाळ्यात निम्मं गाव सलाईनवर. आता समदं घाण पाणी गावाखालच्या टाकीत येतं. गाळ तळाला बसतो. टाकीला लागून दीड पुरुस खोल चेंबर हाय, त्यात व्हॉल्व. व्हॉल्वमधनं वरचं पाणी कर्दळीच्या वाफ्यांत जातं, मुळांतनं निवळून खालच्या तळ्यात पडतं. तळ्यावर घास पोसलाय. कर्दळ अशी फुललीय की कालेजच्या पोरी फोटो काढायला येत्यात, खाली काय वाहतंय ते कुणी सांगत न्हाई त्यांना. पर औंदा पावसाळ्यात एकालाबी सलाईन लागलं न्हाई, सुभाष. जन्मभर लोकांना पाणी काढून दिलं, आता वापरलेलं धुवून देतो. लई बरं वाटतं बघ.

एकच तरास. दिवाळीपासनं वरच्या आळीत एकानं पनीरचा धंदा काढलाय. त्याचं आंबट पाणी गटारात येतं आन टाकीत नासतं. नासक्या अंड्याचा वास सुटतो, जेवण जात न्हाई. साळू दुपारची भाकरी घेऊन येते, चेंबरच्या झाकणापाशी सावलीत बसतो आमी. तिची चांदीची जोडवी काळीठिक्कर पडली. राखेनं घासली, चिंचेनं घासली, दोन दिवसांत परत तशीच. ती म्हणते सवाशिणीची जोडवी काळी पडणं बरं न्हाई. मी म्हणलं, सोनारानं तुझ्या बापाला गंडवलंय, चाळीस वर्सांनी उघडं पडलं. त्यावर दोन दिवस बोलली न्हाई.

उत्तर धाड.

दादाभाऊ


उंबरवस्ती, तळेघरच्या वर
११ फेब्रुवारी

दादाभाऊ,

तुझं पत्र पोहोचलं. गुडघे दुखतात. एवढंच लिहितो, दोन पानं नाही.

घाणीचा कारभारी झालास हे ऐकून हसलो खरा, पण मनातून तुझा हेवा वाटला. मी इथे सुनेच्या घरात नुसता बसून असतो. सून म्हणजे मोहिनी, उपकेंद्रात नर्स आहे. ती सध्या तीन आठवडे पुण्याला ट्रेनिंगला गेलीय आणि मुलगा घोडेगावात कामाला, म्हणजे भात मीच शिजवतो आणि मीच करपवतो.

त्या पनीरवाल्याला तोंडी सांगत बसू नकोस. लेखी दे आणि पोच घे. आपण ते कसं शिकलो ते विसरलास का? ओव्हरसियर तोंडी म्हणाला पंप वर ओढा, आपण ओढला, पाईप बोअरमध्ये पडला, आणि साहेबांनी हात वर केले, मी म्हणालोच नाही. सहा महिने घरी बसलो दोघं. त्यानंतर कोणी काही सांगितलं की तू हात पुढे करायचास, लिहून द्या साहेब. अख्खा तालुका आपल्याला चिठ्ठीवाले म्हणायचा. म्हणोत. पुन्हा कधी घरी बसलो नाही.

आपला कंदील आहे ना नीट? रिटायर होताना पाना मी घेतला आणि कंदील तू. पाना गंजला. कंदिलाने आपला जीव वाचवलाय, त्याची काच पुसत जा. आणे गावच्या पठारावरची ती जुनी विहीर मला अजून दिसते. दुष्काळाचं साल, साहेब वरून ओरडतोय उतरा म्हणून, आणि मी दोरीला बांधून कंदील सोडला तर वीस हातांवर पटकन विझला. आपण उतरलो नाही. गावकऱ्यांनी कोंबडी सोडून पाहिली, ती मेलेलीच वर आली. ती खूण माझ्या बापाने मला शिकवली, मी तुला.

वहिनींना सांग, जोडवी काळी पडली तर पडू दे, नवरा गोरा कुठे आहे.

सुभाष


खडकमळा
२३ फेब्रुवारी

सुभाष,

तुझ्या शेवटच्या वाक्याला साळू हसली. म्हणजे तुझ्यामुळं घरात मोकळं बोलणं सुरू झालं.

लेखी तक्रार दिली. पोच घेतली. पनीरवाला तसाच सोडतोय पाणी, पर पोच हाय.

एक चांगली गोष्ट घडली. वास गेला. सक्काळी आल्या आल्या जरासा येतो, मग दिवसभर काई न्हाई. मी झाकण उघडून नाक घालून बघितलं, काई न्हाई. माझ्या मतानं टाकी आता त्या आंबट पाण्याला सरावली. साळू मातर नाकाला पदर लावून म्हणते अजून तसाच येतो, डोकं भणभणतं. आता ती भाकरी बांधावर ठेवून जाते. बायामाणसांचं नाक नाजूक. माझे डोळे तेवढे चुरचुरत्यात, ऊन लौकर तापलंय औंदा. झाकणाच्या फटीपाशी एक मांजरी ऊन खात बसायची, माझ्या ताटातलं खायची. परवा तिथंच मरून पडली. किरडू चावलं असंल. वाईट वाटलं.

आता कामाचं. पनीरचा चोथा व्हॉल्वच्या तोंडाशी अडकलाय. वरनं बांबू घातला, सळई घातली, निघत न्हाई. चेंबरात गुडघाभर गाळ हाय, पर टाकी काठोकाठ आलीय. एकवीस मार्चला जिल्ह्याचे साहेब पाहणीला येणार. गाळ उपसायची गाडी नारायणगावातनं येते, ती एप्रिलपतूर मोकळी न्हाई म्हणत्यात. पाहणीचं मला काई न्हाई, पर टाकी वरनं वाहिली तर घाण वढ्यात, आन वढ्यातनं विहिरीत. ज्या विहिरीसाठी हे समदं केलं तीच नासली तर गावाला तोंड कसं दावू मी.

तवा होळी झाली की चेंबरात उतरून हातानं चोथा काढावा म्हणतो. पोरगा सुदर्शन आता घरीच हाय, तो वर दोर धरंल. कंदील तर हायेच. चालंल ना? तू आपल्यातला जाणता. आपल्या रिवाजापरमाणं लिहून कळव.

दादाभाऊ


उंबरवस्ती
२ मार्च

दादाभाऊ,

होळीनंतर उतरायचं म्हणतोस तर नीट वाच.

कंदिलात घासलेट भर, वात कात्रीने सरळ काप. झाकण सकाळी उघडून दुपारपर्यंत तसंच ठेव. मग कंदील दोरीला बांधून थेट तळापर्यंत सोड आणि शंभर आकडे मोज. मंदावला किंवा विझला तर झाकण लाव आणि घरी जा, मग कलेक्टर आला तरी उतरू नकोस. जळत राहिला तर उतर. कमरेला दोर बांध. वर सुदर्शन एकटा नको, दोघेतिघे असू देत.

कोणी माझा सल्ला विचारून आता तीन वर्षं झाली. हे लिहिताना अंगात जुनं बळ आल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

लिहून दिलंय.

सुभाष


उंबरवस्ती
६ मार्च

दादाभाऊ,

आधी हे वाच. चेंबरात उतरू नकोस. मागच्या पत्रातलं कंदिलाचं मी मागे घेतो. ते चुकीचं आहे.

मोहिनी परवा परत आली. तुझी पत्रं मी ट्रंकेवर ठेवतो, ती तिने गंमत म्हणून वाचायला घेतली. वाचता वाचता जोडव्यांपाशी तिचं बोट थांबलं. मला तिने सगळं कागदावर लिहून समजावलं, तेच मी तुला लिहितो. त्या टाकीत आंबट पाणी नासून विषारी वायू होतो. चांदी काळी पडते ती त्यानेच. थोडा असला की नासक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला किंवा रोज नाकात गेला, की नाकच मरतं. वास गेला नाही दादाभाऊ, तुझं नाक गेलंय. वहिनींना येणारा वास खरा आहे. ती मांजरी किरडू चावून मेली नाही. आत गाळात पाय घातला की तो वायू उसळून वर येतो आणि माणूस दोन श्वासांत पडतो.

आणि कंदील. आण्याच्या विहिरीत हवाच मेलेली होती, जळायला प्राणवायू नव्हता, म्हणून तो विझला. हे विष ज्योतीला काहीच करत नाही. ज्योत जळत राहते आणि शेजारी माणूस मरतो. उलट कधी आग लागून भडका उडेल तो वेगळाच. मोहिनीने लिहिलं ते वाक्य तसंच देतो: “आबा, तुमचा कंदील विहिरीचा आहे, गटाराचा नाही.”

काल मी तिला घेऊन रेंज येते त्या खडकावर चढलो. तिने तुला फोन लावला. मी शेजारी उभा राहून तिचं तोंड बघत होतो. ती बराच वेळ बोलली, मग ऐकत राहिली. तू हसलास म्हणे. म्हणालास, सुभाषनं लेखी दिलंय, फिरवायचं असंल तर लेखीच फिरव म्हणावं, होळीला अजून आठ दीस हायेत. मी तिला म्हणालो, तो बरोबर बोलतोय, रिवाज तसाच आहे. मोहिनी चिडली माझ्यावर.

तर हे घे. लेखी फिरवतोय. कंदील जळो की विझो, आत कोणीही उतरायचं नाही. गाडी येऊन वरून नळी घालून उपसू दे. तोवर पनीरवाल्याचा पाईप सिमेंटने बुजव, मी सांगितलं म्हणून बुजव, होईल ते भांडण मी येऊन भांडतो.

पोच कळव. लगेच.

सुभाष


खडकमळा
२४ मार्च

सुभाषभावजींना साळुबाईचा नमस्कार. मी सांगते आन सूनबाई हर्षाली लिहिती.

तुमाला कळवायला उशीर झाला. घरात कुणाचं चित्त ठिकाणावर न्हवतं. तुमचे मित्र गेले, भावजी. नऊ मार्चला, रविवारी.

होळीनंतर उतरणार व्हते. पर आठ तारखेला टाकी वरनं वाहाया लागली. घाण वढ्यात उतरली, विहीर तिथनं दीडशे पावलं. ते सक्काळधरनं फावड्यानं बांध घालत व्हते, एका जागी घातला की दुसऱ्या जागी फुटायचा. रातभर निजले न्हाईत. सक्काळी म्हणाले, आता होळी कशाची बघतो. मी म्हणलं, तुमच्या दोस्ताच्या सुनेचा फोन आलता ना, काय म्हणत व्हती ती? तर म्हणाले, “फोन तोंडी हाय. लेखी माझ्या खिशात हाय.”

तुमी लिवलेलं समदं केलं त्यांनी. वात कापली. झाकण दुपारपतूर उघडं ठेवलं. कंदील सोडला आन शंभर मोजले. सुदर्शन सांगतो, मोठ्यानं मोजले, शंभर झाल्यावर वरनं आणिक वीस मोजले. कंदील जळतच व्हता. कमरेला दोर बांधून उतरले. गाळात पाय घातला, व्हॉल्वला हात लावला, आन तिथंच बसले. हाक न्हाई, काई न्हाई. तिघांनी ओढून काढलं. दवाखान्यात न्यायच्या आदीच गेले व्हते.

कंदील खाली तसाच जळत व्हता. मागनं कुणीतरी वर काढला. ओट्यावर आणून ठेवला तरी जळतच व्हता. विझवायला कुणाचा हात होईना. आपसूक घासलेट सपलं तवा विझला.

खिशात तुमचं पत्र सापडलं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं व्हतं, भिजू ने म्हणून.

तुमचं दुसरं पत्र सावडायच्या दिवशी आलं. ते फोडलं न्हाई आमी. त्यांच्या नावाचं पत्र त्यांनी कदी दुसऱ्याला फोडू दिलं न्हाई. त्यांच्या फोटोमागं ठेवलंय.

डाक्टरांचा कागद अजून आला न्हाई. गावात म्हणत्यात हार्टचा झटका. सुदर्शनबी तेच म्हणतो, कंदील जळत व्हता म्हंजे हवा चांगली व्हती, म्हंजे हार्टच. मी जोडवी काढली तवा ती कोळशासारकी व्हती. मी आदीच म्हणले व्हते, पर माझं ऐकतं कोण.

आता पत्र लिहायचं कारण. ग्रामपंचायतीनं सुदर्शनला बापाच्या जागी घेतलाय. विहिरीचं पाणी नासलं, टँकर येतो, माणसं त्याच्या तोंडावर बोलत्यात की तुझ्या बापाचं काम अर्धं राहिलं. पाहणी दोन एप्रिलवर गेलीय. तो पाडव्याच्या मुहूर्तावर सक्काळी चेंबरात उतरणार, बापाचा कंदील घेऊन. मला भ्या वाटतं. पर तुमचं लिवलेलं असलं की त्यांना धीर यायचा. तसंच सुदर्शनला तुमच्या हातानं लिहून धाडा, कंदील कसा सोडायचा, किती मोजायचं. पोरगं अडाणी हाय या कामात. तुमच्याबिगर त्याला सांगणारं कुणी राहिलं न्हाई.

साळुबाई


खडकमळा, चेंबरच्या झाकणावर
३० मार्च, पाडवा, सकाळ

सुदर्शन,

तू मला शेवटचं पाहिलंस तेव्हा तुझं लग्न व्हायचं होतं. मी सुभाष, उंबरवस्तीचा, तुझ्या बापाचा मित्र. झाकणावर बसलेला म्हातारा कोण, म्हणून तू थांबशील. तू काय बोलशील ते मला ऐकू येणार नाही. म्हणून आधी हे वाच.

वहिनींचं पत्र मला परवा दुपारी मिळालं. मोहिनीने खडकावर जाऊन दादाभाऊचा नंबर लावला, तो बंद. तुझा नंबर आमच्याकडे नाही. पोस्टात पत्र टाकण्यात अर्थ नव्हता, म्हणून मीच निघालो. मंचरला गाडी चुकली, आळेफाट्याला रात्र काढली, पहाटे दुधाच्या टेम्पोने बेल्हे गाठलं आणि तिथून चालत आलो. तुझ्या घराला वळसा घालून आलो. वहिनींसमोर उभं राहायला मला तोंड नाही. लोक गुढ्या उभारताना दिसले, तुझ्या दारात गुढी नव्हती.

तुझ्या बापाला हार्टचा झटका आला नाही. त्याला माझ्या पत्राने मारलं. कंदील जळत राहिला तर उतर, हे मी लिहिलं. त्याने आयुष्यभर साहेबांच्या तोंडी शब्दावर विश्वास ठेवला नाही आणि माझ्या लेखी शब्दावर ठेवला, आणि माझा लेखी शब्द खोटा होता. मला दोन-तीन दिवसांनीच कळलं. मी निघून यायला हवं होतं, आज आलो तसं. पण मला वाटलं होळीला वेळ आहे, आणि रिवाज लेखीचा आहे, म्हणून मी पत्र टाकलं आणि पोचेची वाट बघत बसलो. ते पत्र तुझ्या घरात फोटोमागे आहे. ते फोड. आत काय चुकलं ते सगळं आहे, चांदीचं, वासाचं, मांजरीचं. आईला वाचून दाखव. तिने म्हटलेलं खरं होतं, हेही सांग.

आता तुझं. कंदील हातात घेऊन आला असशील तर खाली ठेव. तो जळला म्हणजे हवा चांगली, हे धरून चालू नकोस. कंदिलाला या विषाचं काही कळत नाही. तो तुझ्या बापाशेजारी जळत होता, तुझ्याशेजारीही जळेल. आत कोणीही उतरायचं नाही, आज नाही, मुहूर्तावर नाही, पाहणीसाठी नाही. गावाला नळीची गाडी आणू दे. गाव बोलेल तर म्हणावं, चेंबरवर एक बहिरा बसलाय, त्याच्याशी बोला.

तू मला उठवायला बघशील. हात धरशील, चार माणसं आणशील. मी हलणार नाही. गुडघे तसेही हलू देत नाहीत.

लिहून दिलंय. आणि या वेळी पोच घेतल्याशिवाय जाणार नाही. वाचून झालं की खाली सही कर आणि कागद माझ्या हातात दे. मग मला घरी ने, तुझ्या आईच्या समोर.

सुभाष

पोच. वाचलं, समजलं, उतरणार नाही:

सही ........................